बोअरचं पाणी, नायट्रेट आणि थायरॉइड

मराठवाड्यात बोअरच्या पाण्याविषयी बोलणं निघालं की ते 'जड आहे' आणि 'खारं आहे' या दोन तक्रारींवर येऊन थांबतं. भांड्यावर पांढरा थर चढतो, तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. या तक्रारी खऱ्या आहेत, कारण त्या डोळ्यांना दिसतात. नायट्रेट दिसत नाही. त्याला वास नाही, रंग नाही, पाण्यात असतं त्या प्रमाणात चवही नाही. थायरॉइडच्या बाजूने विचार केला तर आपल्या आठही जिल्ह्यांत आधी चौकशी करावी ती याची. जडपणाचा थायरॉइडशी थेट संबंध फार थोडा आहे.

थायरॉइड ग्रंथीचा कच्चा माल म्हणजे आयोडीन. तिच्या टी-४ या संप्रेरकाच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, टी-३ मध्ये तीन. रक्तातलं आयोडीन फार विरळ असतं, म्हणून ते ओढून घ्यायला ग्रंथीच्या पेशींवर एक खास वाहक प्रथिन असतं. सोडियमच्या जोडीने ते आयोडाइड आत घेतं. पण हे प्रथिन आयोडाइडला ओळखतं ते साधारण आकारावरून आणि ऋणभारावरून. त्याच मापाचे तीन आयन या जागेवर येऊन अडून बसतात: परक्लोरेट, थायोसायनेट आणि नायट्रेट. प्रयोगशाळेत मोजलं तर यांत परक्लोरेट सगळ्यात जोरदार आणि नायट्रेट सगळ्यात कमजोर आहे. परक्लोरेटची अडवण्याची ताकद नायट्रेटच्या सुमारे २४० पट भरते. तरीही आपल्याकडे काळजी नायट्रेटची, कारण परक्लोरेट सापडलं तर मायक्रोग्रॅममध्ये सापडतं आणि नायट्रेट मिलिग्रॅममध्ये, तेही दहाच्या किंवा शंभराच्या घरात. कमजोर गडी हजारोंनी आले तर दार अडतंच.

परक्लोरेटचा एवढा उल्लेख पुरे, फक्त एक जोड. ते फटाक्यांच्या दारूत आणि रॉकेटच्या इंधनात वापरलं जातं, आणि नेहमीच्या पाणी तपासणीत ते धरलेलं नसतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्यासारख्या, फटाक्यांचं काम चालणाऱ्या भागात ते मुद्दाम सांगून तपासून घेणं शहाणपणाचं. जागतिक आरोग्य संघटनेची त्यासाठीची मर्यादा लिटरला ०.०७ मिलिग्रॅम आहे.

आता नायट्रेटची मर्यादा. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आणि यात सवलत नाही. दुसरा स्रोत नसेल तर क्षारांना, जडपणाला आणि फ्लोराइडला वरची मर्यादा दिलेली आहे, नायट्रेटला ती नाही. मात्र हा आकडा थायरॉइडसाठी ठरलेला नाही. तो ठरला बाटलीने दूध पिणाऱ्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी. नायट्रेटपासून बनणारं नायट्राइट त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घालवतं आणि बाळ निळं पडतं. म्हणून ४४ आलं की थायरॉइडलाही सुरक्षित, असा अर्थ त्यातून काढू नये.

मर्यादा ठरवताना माणूस दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितो असं धरतात. मे महिन्यात शेतात राबणारी बाई पाच लिटर सहज पिते. ४५ मिलिग्रॅमच्या पाण्याने तिच्या पोटात २२५ मिलिग्रॅम नायट्रेट जातं. रोज आयुष्यभर चालेल अशी मान्य मात्रा किलोमागे ३.७ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलो वजनाला २२२. पाणी कागदावर पास झालं तरी तिचा दिवसाचा कोटा पाण्यातच संपला, आणि मेथी, पालक, चाकवत यांतलं नायट्रेट अजून धरलेलंच नाही. त्यासाठी पालेभाजी सोडायची मात्र नाही. भाजीबरोबर क जीवनसत्त्व आणि इतर बरंच चांगलं येतं, पाण्याबरोबर ते येत नाही.

याचा थायरॉइडवर खरंच परिणाम होतो का? उत्तर सरळ एका ओळीत देता येत नाही आणि कोणी देत असेल तर त्याच्यापासून सावध राहावं. नेदरलँड्समध्ये १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ५० मिलिग्रॅमच्या वरचं नायट्रेट असलेलं पाणी पिणाऱ्या बायकांची ग्रंथी आकाराने मोठी आढळली. स्लोव्हाकियात जास्त नायट्रेटच्या भागातल्या शाळकरी मुलांतही ग्रंथी मोठी दिसली आणि काहींत टीएसएच (ग्रंथी मंदावली की रक्तात वाढणारं संप्रेरक) वाढलेलं दिसलं. याउलट अमेरिकेतल्या आयोवा राज्यात वयस्क बायकांच्या मोठ्या पाहणीत पाण्यातल्या नायट्रेटचा आणि थायरॉइड कमी काम करण्याचा संबंध दिसला नाही, आहारातल्या नायट्रेटचा दिसला. आणि निरोगी स्वयंसेवकांना चार आठवडे सोडियम नायट्रेट देऊन पाहिलं तेव्हा ग्रंथीच्या कामात फरक पडला नाही. या सगळ्याचा मला लागणारा मेळ असा: आयोडीन पुरेसं असेल तर शरीर सांभाळून घेतं. आयोडीन कमी, गर्भारपण, लहान वय किंवा आधीच दुखावलेली ग्रंथी यांपैकी काही असेल, तर तेच नायट्रेट जड जातं. म्हणून या विषयात पाण्याइतकीच मिठाच्या बरणीची गोष्ट करावी लागते. ती पुढे येते.

आधी हे नायट्रेट येतं कुठून ते पाहू, कारण त्यावरच नमुना कधी आणि कुठून घ्यायचा हे ठरतं. युरियाची एक गोणी ४५ किलोची, तिच्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. नत्राच्या एका किलोपासून ४.४३ किलो नायट्रेट होतं. गोणीतल्या नत्राचा फक्त दहावा हिस्सा मुळांना न लागता खाली झिरपला तरी सव्वानऊ किलोच्या आसपास नायट्रेट तयार होतं. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते होतं सुमारे १ लाख ४१ हजार लिटर. एवढ्या पाण्यात ते सगळं उतरलं तर लिटरला ६५ मिलिग्रॅम. एका गोणीच्या दहाव्या हिश्शाने एक भरली विहीर मर्यादेबाहेर जाते. प्रत्यक्षात ते पसरतं, पातळ होतं, काही जिवाणू खाऊन टाकतात; पण उसाला आणि कपाशीला एकरी किती गोण्या पडतात हे वाचणाऱ्याला माहीत आहे.

दुसरं मूळ गावातच असतं: उकिरडा, गोठ्याचं मूत, संडासाचा शोषखड्डा. आपला खडक बेसाल्टचा. वर काळी माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला कच्चा खडक. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी गाळून न घेता त्या भेगांतून थेट खाली जातं. म्हणूनच जून-जुलैत नायट्रेट एकदम चढू शकतं. आपले बोअर खोल असले तरी केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात घातलेला पाइप, बहुतेक ठिकाणी कठीण खडक लागेपर्यंतच, म्हणजे १०-२० फूट टाकलेलं असतं, आणि केसिंगच्या बाहेरची फट बुजवलेली नसते. मग ५०० फुटांच्या बोअरमध्येही वरचं सांडपाणी केसिंगच्या बाहेरून उतरतं. 'खोल बोअर म्हणजे स्वच्छ पाणी' हा समज इथेच फसतो. नवीन बोअर घेत असाल तर केसिंग कच्च्या खडकाच्या खाली, पक्क्या खडकात बसेपर्यंत टाकायला सांगा, भोवतीची फट सिमेंटच्या पातळ गाऱ्याने भरून घ्या आणि वर उताराचा ओटा करा. शोषखड्डा आणि पाण्याचा स्रोत यांत १५ मीटर अंतर हे किमान आहे. भेगाळ खडकात त्याहून जास्तच ठेवावं, आणि खड्डा उताराच्या वरच्या अंगाला नसावा.

तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. गावचा जलसुरक्षक ग्रामपंचायतीच्या स्रोतांचे नमुने तिकडे पाठवतो. घरच्या बोअरचा नमुना स्वतः न्यायचा असेल तर अशी काळजी घ्या. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या, फिनाइल, ॲसिड किंवा औषधाची जुनी नको. मोटार किंवा हापसा किमान पाच मिनिटं चालू द्या, म्हणजे पाइपात मुरलेलं पाणी निघून जाईल. त्याच पाण्याने बाटली तीन वेळा विसळा, काठोकाठ भरा, घट्ट बूच लावा. स्रोताचं नाव, तारीख, वेळ बाटलीवर लिहा. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो त्याच दिवशी, फार तर ४८ तासांत पोहोचवा. उन्हात गाडीच्या डिकीत पडून राहिलेल्या नमुन्यात जिवाणू नायट्रेट खातात आणि अहवाल खोटा चांगला येतो. जिवाणू तपासणीची बाटली वेगळी असते, निर्जंतुक केलेली, ती प्रयोगशाळेतूनच मागून घ्या. वर्षातून दोनदा तपासा: पहिल्या मोठ्या पावसानंतर तीन-चार आठवड्यांनी, आणि मे महिन्यात पाणी तळाला गेल्यावर.

अहवाल हातात आला की आकड्याआधी एकक वाचा. काही प्रयोगशाळा 'नायट्रेट' असं लिहितात, काही 'नायट्रेट-नत्र'. दुसऱ्या प्रकारचा आकडा ४.४३ ने गुणायचा. कागदावर १८ दिसलं म्हणून निर्धास्त झालात आणि ते नत्राचं असेल, तर खरं नायट्रेट जवळपास ८० आहे. ही चूक मला सगळ्यात घातक वाटते, कारण तपासणी करूनही माणूस फसतो.

ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं, पिवळं, लाल कार्डही नीट समजून घ्यायला हवं. ते स्रोताच्या भोवतालची स्वच्छता, गळती, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा वापर यांवरून दिलं जातं आणि जुलाब-काविळीच्या साथी टाळायला फार उपयोगी आहे. पण हिरवं कार्ड म्हणजे नायट्रेट कमी, असा त्याचा अर्थ होत नाही.

घरात जे उपाय चालतात त्यांतले बहुतेक नायट्रेटला लागू पडत नाहीत. टीसीएलने, मेडिक्लोरने जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं. तुरटीने गढूळपणा बसतो. कॅन्डलचा फिल्टर, यूव्ही, फडकं, तांब्याचा हंडा, यांतल्या कशानेही ते हलत नाही. आणि उकळल्याने वाढतं: १० लिटर पाणी आटून ८ झालं तर १०० मिलिग्रॅमचं १२५ होतं. बाळाच्या दुधासाठी पाणी चांगलं खळखळून, वीस-वीस मिनिटं उकळणाऱ्या घरात हे आवर्जून सांगा. जंतूंसाठी एक उकळी आली की पुरे. पण नायट्रेट जास्त असेल तर ते पाणी बाळाच्या बाटलीसाठी वापरायचंच नाही. अंगावरचं दूध मिळत असेल तर सहा महिने तेच, वरचं पाणीही नको.

उरतं आरओ. ते नायट्रेट काढतं, पण इतर क्षारांइतकं चांगलं नाही काढत. इथे दोन फसगती होतात. एक टीडीएस मीटरची. ३५० टीडीएसच्या गोड पाण्यात ९० नायट्रेट असू शकतं आणि १,२०० टीडीएसच्या खाऱ्या पाण्यात २०. मीटर सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतं, त्यात कोण किती ते सांगत नाही. दुसरी फसगत मशीनच्या आत असते. पाणी 'फिकं' लागू नये म्हणून आरओमध्ये कच्चं पाणी मिसळायचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, टीडीएस ॲडजस्टर. समजा बोअरचं टीडीएस ९०० आणि नायट्रेट १२०. पडद्यातून निघालेल्या पाण्याचं टीडीएस ६०, नायट्रेट १५. बसवणाऱ्याने ३० टक्के कच्चं पाणी मिसळलं तर टीडीएस होतं ३१२, मीटरवर बघून घर खूश. नायट्रेट होतं ४६.५. पैसे खर्चून, निम्म्याहून जास्त पाणी सांडून, हाती आलं ते मर्यादेबाहेरचं पाणी. नायट्रेटचं पाणी असेल तर तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून घ्या. पडदा जुना झाला की नायट्रेट आधी सुटायला लागतं, म्हणून वर्षातून एकदा आरओतून निघालेल्या पाण्याचीच तपासणी करा. गावात पाच रुपयांत जार भरून देणाऱ्या यंत्रालाही हेच लागू, आणि तिथे गावाने अहवाल मागावा. सांडपाणी बोअरजवळ सोडू नका. काढलेलं नायट्रेट त्यातच एकवटलेलं असतं आणि ते फिरून तिथेच येतं. झाडांना दिलं तर चालतं.

टँकरच्या पाण्याला एकच प्रश्न विचारा: कुठल्या विहिरीवर भरला? टँकर बदलला, फेरी बदलली, उद्भव बदलला की आधीचा अहवाल गेला.

माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात दुर्लक्षित उपाय छतावरच्या पावसाचा आहे. २५ चौरस मीटर पत्रे, दुष्काळी वर्षातला ४०० मिलिमीटर पाऊस आणि ८० टक्के पाणी हाती लागलं तरी ८,००० लिटर होतात. पाच माणसांना पिण्या-शिजवण्याला रोज २० लिटर धरले तर हे पाणी ४०० दिवस पुरतं. एवढी टाकी सगळ्यांना परवडणार नाही, म्हणून अर्ध्याचा हिशेब करा: ८० नायट्रेटच्या बोअरमध्ये तेवढंच पावसाचं पाणी मिसळलं की ते ४० च्या आसपास येतं, तेही विजेशिवाय. मोसमातला पहिला पाऊस सोडून द्यायचा, नंतरच्या प्रत्येक पावसाचे पहिले ५० लिटर बाजूला काढायचे, तोंडाला जाळी, टाकीला अंधार, आणि मेडिक्लोर. माळवदावरचं पाणी मात्र चालत नाही, पांढऱ्या मातीतून ते गढूळच उतरतं. अंगणात पत्र्याचं शेड असेल तर ते वापरा.

फ्लोराइडचं वेगळं आहे. नांदेडच्या पूर्वेकडे, किनवटच्या बाजूला, बेसाल्ट संपून ग्रॅनाइटसारखे जुने खडक लागतात आणि त्यांतून फ्लोराइड येतं. किनवट तालुक्यातल्या गावांचे पिवळे दात आणि वाकलेले पाय ही काही नवी गोष्ट नाही. मर्यादा १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. फ्लोराइड नायट्रेटसारखं आयोडीनची वाट अडवत नाही, पण जास्त मात्रेत ते ग्रंथीचं काम मंदावतं. एके काळी युरोपात अतिकाम करणाऱ्या थायरॉइडवर ते औषध म्हणून दिलं गेलं होतं. १ मिलिग्रॅमच्या आतल्या पाण्याने थायरॉइड बिघडतो असं म्हणायला भक्कम आधार नाही. अडीच-तीनच्या वर गेलं की दात आणि हाडांसोबत टीएसएचकडेही बघावं. नागपूरच्या नीरी संस्थेची नलगोंडा पद्धत, म्हणजे चुना आणि तुरटी घालून फ्लोराइड खाली बसवणं, फ्लोराइडवर चालते, नायट्रेटवर नाही. दोन्ही असतील तर आरओ किंवा पाऊस.

आता मीठ. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गर्भार आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. दुकानात विकल्या जाणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असायला हवं असा नियम आहे. १५ असेल तर १० ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम मिळतं, तेही काही न उडता. पण बरणी चुलीशेजारी उघडी, ओल्या हाताने काढलेलं मीठ आणि फोडणीतच टाकून अर्धा तास उकळलेली डाळ, यात बरंच आयोडीन जातं. झाकणाचा कोरडा डबा, चुलीपासून लांब, आणि मीठ शेवटी. खडा मीठ आणि सैंधव यांत सहसा आयोडीन मिसळलेलं नसतं, 'नैसर्गिक' म्हणून रोजच्या जेवणात तेच वापरणाऱ्या घरात तूट पडू शकते. जास्त नायट्रेटचं पाणी आणि सैंधव ही जोडी मी सगळ्यात वाईट मानतो. बाजरीतले काही घटक आणि विडी-सिगारेटच्या धुरातून बनणारं थायोसायनेट हेही त्याच बाजूला वजन टाकतात. बाजरीची भाकरी हिवाळ्यात खायला हरकत नाही, मीठ आयोडीनचं असावं. मात्र आयोडीनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. जास्त आयोडीननेही ग्रंथी बिघडते.

ज्यांची थायरॉक्झिनची गोळी सुरू आहे त्यांनी आरओ बसवलं म्हणून ती थांबवू नये. मोठ्या माणसांत थायरॉइड मंदावण्याचं नेहमीचं कारण शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेला हल्ला हे आहे, ते पाणी बदलून जात नाही. जड पाण्याने गोळी लागत नाही ही भीतीही हिशेबात बसत नाही: ६०० जडपणाच्या एका पेल्यात, म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये, कॅल्शियम फार तर ४८ मिलिग्रॅम, आणि कॅल्शियमच्या एका गोळीत ५००. खरी अडचण त्या गोळीची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गर्भार बाईला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या थायरॉक्झिनबरोबर एकाच घोटात घेतल्या तर थायरॉक्झिन नीट शोषलं जात नाही. मध्ये चार तासांचं अंतर हवं. थायरॉक्झिन पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या ते एक तासाने. गव्हाच्या दळणात सोयाबीन घालणाऱ्या घरात, लातूरकडे हे बरंच आहे, सोयाबीनचं प्रमाण रोज सारखं ठेवा आणि डॉक्टरांना सांगा, कारण त्यानेही गोळी कमी शोषली जाते. मात्रा बदलली की टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं, पंधरा दिवसांत तपासून काही कळत नाही.

गावात किंवा एका आळीत थायरॉइडचे रुग्ण जास्त वाटत असतील तर तीन कागद एकत्र ठेवा: त्या आळीच्या स्रोताचा नायट्रेटचा आणि फ्लोराइडचा अहवाल, घरोघरच्या मिठाची तपासणी (आशाताईंकडे किट असेल तर थेंबाने मीठ निळं पडतं, फिकं पडलं तर आयोडीन कमी), आणि रुग्णांचे टीएसएचचे आकडे. हे तिन्ही घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. नुसतं 'पाणी खराब आहे' असं सांगितलं तर टीसीएलची गोणी येते.